पाण्याचा हिशेब टीएमसीत, मातीचा कशात?

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा तापायला लागला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न उजनी धरणाचा निघतो. प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये गेली? धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्नच्या आसपास, मृतसाठा चौसष्टच्या घरात, पाणी त्याच्या खाली उतरलं की मायनस, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात मग दौंडचा विसर्ग किती, वीर धरणातून नीरा नदीत किती सोडलं, पंढरपुरात पाणी कुठल्या पायरीला लागलं, असे आकडे तासातासाला मोबाईलवर फिरतात. पाण्याच्या बाबतीत आपल्याइतका हिशेबी जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच दुसरा असेल.

या आकड्यांत मातीचा एकही आकडा नसतो. दौंडहून लाखभर क्युसेकनं जे गढूळ पाणी येतं, ते गढूळ कशानं झालेलं असतं? कुणाच्या तरी रानातल्या मातीनं. ती कुठल्या तालुक्यातून निघाली, किती निघाली, कुठं जाऊन बसली, याची नोंद कुठल्याच टपरीवर नाही आणि तालुका कचेरीतही नाही. धरणात बसली की तिला आपण गाळ म्हणतो आणि मग ती काढण्यासाठी योजना आखतो. वाहून जाताना तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गाळावर सरकारचा आणि शेतकऱ्याचा पैसा खर्च होतोच आहे, तर तो मातीचा हिशेब मांडून व्हावा. आज तो अंदाजपंचे चालला आहे आणि काही ठिकाणी चांगल्या रानांचं नुकसानही करतो आहे.

सप्टेंबर २०२५ चा सीनेचा पूर घ्या. एरवी सीना म्हणजे उजनीचं पाणी जोडबोगद्यातून सोडलं तर वाहणारी, नाही तर बंधाऱ्याबंधाऱ्यांत डबकी होऊन पडलेली नदी. ती करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरात अशी पसरली की काठच्या गावांना बोटी लावाव्या लागल्या. पाणी ओसरल्यावर काठाकाठानं दोन तऱ्हेची रानं दिसली. एक खरडून गेलेली. वरची काळी गायब, खालचा मुरूम उघडा, कुठं कुठं ठिबकच्या नळ्या तारांसारख्या लोंबकळत राहिलेल्या. दुसरी पुरून गेलेली. ऊस आडवा आणि त्यावर चिखलाचा नाही तर वाळूचा थर. पूर एकच, पण वरच्या वळणावर त्यानं घेतलं आणि खालच्या वळणावर टाकलं.

आता सरकारी मदतीचं गणित पाहू. आपत्ती मदतीच्या निकषांत शेतावर तीन इंचांपेक्षा जास्त वाळू किंवा गाळ साचला तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार रुपये आहेत. जमीन खरडून किंवा वाहून गेली तर हेक्टरी ४७ हजार. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्य सरकारनं खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं वर जोडली. पैसे कमी की जास्त हा वाद बाजूला ठेवू. मला खटकतो तो पहिला निकष. त्यात वाळू आणि गाळ एकाच रकान्यात बसवले आहेत.

नदी या दोन गोष्टी सहसा एका ठिकाणी टाकत नाही. पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग मोडतो. वेग मोडला की जड कण आधी खाली बसतात, म्हणून काठाला लागून वाळू पडते. त्याच्या आत, थोडं दूर, पोयटा बसतो: हाताला मऊ, चिमटीत घेतला तर पिठासारखा, पाणी धरणारा आणि तरी निचरा न अडवणारा. सगळ्यात बारीक चिकणमाती पाणी जिथं दिवसेंदिवस तुंबून राहतं तिथं, म्हणजे काठापासून सर्वांत लांबच्या खोलगट रानात, बसते. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. कुठल्या पट्ट्यात कलिंगड-काकडी, कुठं भाजीपाला आणि कुठं फक्त ज्वारी, हे त्यांनी याच क्रमानं ठरवलेलं असतं.

म्हणजे चार इंच वाळू ही आपत्ती आहे, ती काढावीच लागते. चार इंच पोयटा ही मात्र उभ्या पिकापुरती आपत्ती आहे. पीक गेलं, त्याची भरपाई मिळालीच पाहिजे. पण तो थर वाफसा आल्यावर, म्हणजे रान मशागतीजोगं सुकल्यावर, नांगरटीत जुन्या मातीत मिसळला तर पुढच्या रब्बीला तेच रान सरस ठरू शकतं. मदत ‘काढण्यासाठी’ मिळते म्हटल्यावर माणूस जेसीबी लावून सगळंच खरवडून बांधाला लोटणार, आणि त्या दात्यांखाली थोडीफार जुनी मातीही जाणार. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघं एकत्र जातात. त्यातल्या कृषी सहायकानं थर चिमटीत घेऊन तो वाळूचा की पोयट्याचा एवढं लिहिलं तरी पुढचा निम्मा गोंधळ टळेल. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

खरडलेल्या रानाचं गणित तर डोळे उघडणारं आहे. एक हेक्टर रानावरची फूटभर माती म्हणजे तीन हजार घनमीटरहून जास्त, म्हणजेच हजारावर ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ४७ हजार आणि तीन लाख पूर्णच्या पूर्ण हातात पडले असं धरलं तरी ब्रासमागे सव्वातीनशे रुपये येतात. त्यात माती उकरणं, भरणं, आणणं, पसरणं सगळं. डिझेलचा भाव माहीत असलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. आणि एवढं करून जी येते ती माती म्हणजे तलावाचा गाळ किंवा कुठल्या तरी माळाचा मुरूम. गेली ती काळी तयार व्हायला बेसॉल्ट झिजून हजारो वर्षं लागलेली असतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ही ज्वारीची जात अजून लोक मागून नेतात, पण ती ज्वारी पावसावर कमी आणि जमिनीनं साठवलेल्या ओलीवर जास्त येते. तिथली फूटभर माती गेली म्हणजे दाणा भरतानाचं पाणी गेलं. बियाणं कितीही चांगलं आणा.

आपल्याकडची नदीकाठची गाळाची जमीन मुळात थोडी आहे हेही लक्षात घ्यायला हवं. गंगेच्या खोऱ्यात हिमालयाची माती शेकडो मीटर खोल साचली आहे, तिथं एक थर गेला तर खाली दुसरा आहे. दख्खनच्या नद्या खडकात पात्र कोरून वाहतात. भीमा आणि सीनेच्या दोन्ही अंगांना गाळाची जी मळई आहे ती अरुंद पट्ट्यांची, वळणावळणांवर साचलेली. या पट्ट्यापलीकडची खोल काळी रानंही बरीचशी उतारावरून वाहून आलेल्या मातीचीच आहेत. माळ उघडे पडले तेव्हा खोलगटी भरली. म्हणजे जिल्ह्यातली चांगली जमीन ही कधी ना कधी पाण्यानं हलवलेली जमीन आहे. त्या हलण्याला वाईट म्हणायचं कारण नाही. फरक वेगाचा आहे. पूर्वी जे शेकडो वर्षांत सरकत होतं ते आता एका रात्रीत सरकतं, आणि सरकून जिथं पोचतं तिथं बहुधा धरणाची भिंत असते.

भिंतीमागं अडकलेली माती परत शेतात न्यावी, ही कल्पना चांगलीच आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली, मध्ये थंडावली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या वेळी वाहतूक शेतकऱ्याच्याच माथी होती. दुसऱ्या वेळी अल्पभूधारकांना घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे, एकरी ४०० घनमीटरच्या मर्यादेत, अनुदान ठरलं. हिशेब करून पाहिलात तर एकरी ४०० घनमीटर म्हणजे साधारण चार इंचांचा थर होतो. थराचा अंदाज समंजस आहे. माझी तक्रार पुढची आहे: तो थर कुठल्या रानावर पडणार, हे योजनेत कुणी ठरवतच नाही. जो ट्रॅक्टर घेऊन आला त्यानं नेला.

इथं जरा थांबतो, कारण सगळी गोम इथंच आहे. मुरमाड रानात चार इंच चिकण गाळ मिसळला तर त्या रानाची ओल धरायची ताकद खरोखर वाढते. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर लांबतं, डाळिंबाची बाग उन्हाळ्यात तग धरते. पण तोच गाळ काळ्या, आधीच चिकण रानात टाकला तर? आपल्या काळीत चिकणमातीचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढंही असतं. ती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्या डोक्यावर आणखी चिकण घातली तर निचरा बसतो, सप्टेंबरच्या पावसात पाणी तुंबतं आणि वाफसा येता येत नाही. ज्वारीच्या पेरणीची वेळ निघून जाते. भीमेकाठी उसाला पाटानं पाणी पाजून जिथं रानं आधीच चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि निचरा न होणारी, व्हायला लागली आहेत, तिथं असा गाळ म्हणजे आगीत तेल. तरी लोक नेतात, कारण फुकट आहे आणि शेजारी नेतो आहे.

गंमत अशी की गाळ निवडायचं निम्मं काम तलावानं आधीच करून ठेवलेलं असतं. ओढा तलावात शिरतो त्या तोंडाशी पाण्याचा वेग पहिल्यांदा मोडतो, म्हणून तिथं वाळू, बारीक खडी आणि भरड गाळ. भिंतीजवळ सगळ्यात बारीक चिकण. मधल्या पट्ट्यात पोयटा. नदीकाठी जो क्रम आडवा दिसतो तोच तलावात तोंडापासून भिंतीपर्यंत. म्हणजे मुरमाडवाल्याला भिंतीजवळचा द्या आणि फार चिकण रान असलेल्याला, द्यायचाच असेल तर, तोंडाकडचा भरड द्या, तोही थोडाच. प्रत्यक्षात काय होतं? उन्हाळ्यात तोंडाकडची बाजू आधी वाळते, जेसीबी तिथं आधी उतरतो, आणि सगळ्यांना तोच गाळ मिळतो. भिंतीजवळचा चिकण ओला म्हणून तसाच राहतो. मुरमाडवाला भरड गाळ नेऊन मुरमात मुरूमच घालतो आणि पुढच्या वर्षी म्हणतो, गाळात काय दम नाय.

यावर अधिकाऱ्यांचं उत्तर तयार असतं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. एप्रिल-मे असे दोनच महिने हाताशी असतात. जूनमध्ये पाणी आलं की काम संपलं. त्यात प्रत्येक शेतकऱ्याच्या मातीची तपासणी आणि प्रत्येक ट्रॉलीची चाचणी करत बसलं तर एक ब्रासही निघणार नाही. मान्य. पण तपासणी ट्रॉलीची नको, तलावाची हवी. तोंड, मध्य आणि भिंत असे तीन नमुने हिवाळ्यातच घेऊन ठेवले, त्यांचा पोत, सामू (पीएच), क्षार आणि चुना पाहिला, तर उन्हाळ्यात फक्त एक कागद वाचायचा उरतो. सोलापूरची माती आधीच चुनखडीची, सामू आठच्या वर जाणारा. त्यात चुन्याचा गाळ घालून फॉस्फरस आणखी अडवून ठेवायचा का, हे शेतकऱ्याला आधी कळलं पाहिजे. आणि शेतकऱ्याचं रान मुरमाड की काळं हे त्याला कुणी शिकवायला नको, तो विचारल्याबरोबर सांगतो. फक्त त्याला विचारलं जात नाही.

तपासणीचा आग्रह धरण्यामागं दुसरं कारण आहे, ते जास्त गंभीर. सगळा गाळ शेतातून आलेला नसतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येतं आणि उजनीत थांबतं. जलपर्णी दिसते म्हणून आपण पाण्याबद्दल बोंब मारतो. पण जड धातू पाण्यात कमी राहतात, ते बारीक चिकणमातीच्या कणांना चिकटून तळाशी जातात. आपल्याला शेतासाठी हवा तो बारीक गाळ आणि धातू धरून ठेवणारा बारीक गाळ, दोन्ही एकच. शहरातल्या तलावांचंही तसंच: जिथं गटार मिसळतं तिथला गाळ काळाभोर आणि सुपीक दिसतो, वासही ‘खताचा’ येतो, आणि तोच तपासल्याशिवाय भाजीच्या रानात टाकू नये असा असतो. उजनीसारख्या मोठ्या धरणातला वाळूमिश्रित गाळ निविदा काढून उपसायचं धोरण सरकारनं आणलं तेव्हा चर्चा झाली ती किती टीएमसी जागा मोकळी होईल आणि वाळूचे किती कोटी येतील याची. वाळू गेल्यावर उरलेली माती कुणाच्या शिवारात जाणार आणि तिच्यात काय असणार, हा प्रश्न मला तरी ठळकपणे कुठं मांडलेला दिसला नाही.

आता उताराच्या वरच्या टोकाकडे जाऊ. तिथं पैसा सगळ्यात कमी जातो आणि फायदा सगळ्यात जास्त आहे.

आपल्या जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरात. परंपरेनं खोल काळी रानं पावसाळ्यात पड ठेवायची, कुळवाच्या पाळ्या घालून ओल मुरवायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमाराला ज्वारी पेरायची. ओलीसाठी ही रीत शहाणपणाची होती. पण हिची दुसरी बाजू अशी की वर्षातला सगळ्यात दांडगा पाऊस कुळवून भुसभुशीत केलेल्या, उघड्या रानावर पडतो. अलीकडे सोयाबीन आणि उडीद वाढल्यानं चित्र थोडं बदललं आहे, तरी शेकडो एकर रान सप्टेंबरात उघडंच असतं. ताली (उताराला आडवे घातलेले मातीचे बांध) फुटलेल्या, हद्दीचे बांध नांगरून शेजारच्याच्या हद्दीत ढकललेले. (बांधाच्या भांडणात आपल्याकडे कोर्टाची पायरी चढतात, पण फुटलेली ताल दोघांपैकी एकही दुरुस्त करत नाही.) या रानातून एक सेंटिमीटरचा थर गेला तर डोळ्याला कळतही नाही. हेक्टरी तो शंभर घनमीटर, म्हणजे सव्वाशे टनांच्या आसपास माती असते.

हे मोजायची विद्या आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ साली सुरू झालं. उतारावरच्या रानातून पावसाच्या पाण्याबरोबर माती किती जाते हे मोजण्याचे देशातले अगदी सुरुवातीचे प्रयोग याच शहराच्या कुशीत झाले. उताराला आडवी पेरणी, रानात सारा यंत्रानं छोटे चौकोनी वाफे पाडून पाणी जागीच जिरवणं, ज्वारीआधी मूग-उडदासारखं लवकर येणारं पीक घेऊन जमीन झाकणं, या शिफारशी सोलापूरच्या केंद्राच्याच आहेत आणि त्या जुन्या आहेत. त्या कागदावर राहिल्या, कारण वाफे पाडायला खर्च आणि मजूर शेतकऱ्याचे, आणि त्यातून वाचलेल्या मातीचे पैसे कुठल्याच निकषात बसत नाहीत. माती वाहून गेली की हेक्टरी ४७ हजार. तळ्यात बसलेली परत आणली की घनमीटरमागं ३५ रुपये. ती जागेवर राखली तर शून्य. शेतकरी काय करेल, याचं उत्तर आपण आधीच लिहून ठेवलं आहे.

म्हणून गाळाच्या अनुदानातला काही हिस्सा ज्या तलावातून गाळ काढला त्याच तलावाच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांना द्यावा, असं माझं मत आहे. ताली बांधायला, वाफे पाडायला, ओढ्याकाठी गवताचे पट्टे राखायला. नाही तर आपण दर चार वर्षांनी तोच तलाव उपसत राहू आणि त्याला जलसंधारण म्हणत राहू. काहींना हे मागच्या दारानं दिलेलं फुकट पैशाचं वाटप वाटेल. माझ्या मते ते तलाव न भरू देण्याचं कंत्राट आहे आणि ते उपशाच्या कंत्राटापेक्षा स्वस्त पडेल.

वीटभट्ट्यांबद्दलही बोललं पाहिजे, जरी त्यानं गावातली काही मंडळी नाराज होणार असली तरी. काठावरचा पोयटा विटांना उत्तम लागतो. त्यामुळं एका अंगाला सरकार तलावातला गाळ माळावर न्यायला अनुदान देतं, आणि दुसऱ्या अंगाला मळईची तयार माती ब्रासच्या भावानं भट्टीला जाते. विकणाऱ्याची अडचण मला कळते. पोरीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज पोयट्यापेक्षा जवळचं असतं. पण परवाना देणाऱ्या कचेरीनं गौण खनिजाचं स्वामित्वधन मोजताना मुरूम आणि मळईची माती एका पारड्यात का तोलावी? मळईवर उत्खननाची खोली ठरवून द्यावी आणि ती मोजावी. वाळूच्या बाबतीत आपण हे केलं नाही, आणि त्याचं फळ भीमेच्या पात्रातल्या खड्ड्यांत दिसतं. वरून येणारी वाळू उजनीत अडते, म्हणून खालचे खड्डे भरूनही निघत नाहीत.

सुरुवात करायची तर एकरुखपासून करावी. हिप्परग्याचा हा तलाव १८७१ च्या सुमाराला झाला, दीडशे वर्षांहून जास्त काळ तो माती साठवतो आहे, आणि शहराला लागून आहे. या हिवाळ्यात त्याचे तीन नमुने घ्यावेत, उन्हाळ्यात गाळ कुठल्या पोताचा आणि कुठल्या रानात गेला याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, आणि वरच्या पाणलोटातल्या दोन-चार ओढ्यांवर पुढचे दोन पावसाळे माती मोजणारी साधी टाकी बसवावी. संशोधन केंद्र शहरातच आहे. माणसं आहेत, विद्यार्थी आहेत, जुन्या नोंदींचा अनुभव आहे. टाकीतली माती वाळवून तोलायला काटा लागतो, तो बाजार समितीत मिळेल.